शेडमधलं पातेलं

"यात मांस नाही," रॉडी गिलख्रिस्ट तिसऱ्यांदा म्हणाले आणि त्यांनी भांड्यावरचं झाकण उचललं. आत हिरव्या वाटाण्याचं सूप होतं. "आणि लोणी काढायला वेगळी सुरी आहे. आयलानं नवी आणली."

"थँक यू, मिस्टर गिलख्रिस्ट."

"रॉडी म्हणा."

"हो, मिस्टर रॉडी."

माझ्या बायकोनं, इंदूनं, टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. म्हणजे, बोलू नका, जेवा.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा मुलगा हर्षद तेव्हा नऊ वर्षं एडिंबरात होता, पाण्याच्या पंपांच्या कंपनीत. आयलाशी लग्न ठरवलंय असं त्यानं फोनवर सांगितलं आणि आम्हा दोघांना तिच्या वडिलांच्या, म्हणजे रॉडींच्या, शेतावर चार दिवस राहायला बोलावलं. एडिंबरापासून दीड तासावर, टेकड्यांच्या कुशीत दगडी घर, मागं पत्र्याची शेड आणि सभोवती दोनशे मेंढ्या. आयलाची आई फेब्रुवारीत गेली होती. दुसऱ्या दिवशी तीस नोव्हेंबर, म्हणजे स्कॉटलंडचा राष्ट्रीय दिवस. त्या संध्याकाळी रॉडींचा भाऊ, भावजय आणि दोन शेजारी जेवायला येणार होते. आपल्याकडचा साखरपुडाच म्हणा.

मुलीचं नाव मात्र इंदूला पहिल्या दिवसापासून अवघड गेलं. "गुणाची पोर आहे, पण हाक मारायची म्हणजे शिवी दिल्यासारखं वाटतं," ती म्हणाली, आणि तिनं परस्पर 'इला' करून टाकलं. आयलालाही ते आवडलं.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात छत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. कुठं जायचं असलं की आधी त्या जागेबद्दल वाचतो आणि वहीत टिपणं काढतो, कारण चार माणसांत बसल्यावर स्वतःचं असं मला काही सुचत नाही. स्कॉटलंडवर मी साठ पानं काढली होती. स्टेशनवर घ्यायला येणारा माणूस चौकटीचा घागरा घालून, तांबड्या दाढीचा असेल असंही कुठंतरी मनात होतं. आले ते गमबूट घातलेले, कोपरावर विरलेला स्वेटर घातलेले, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेले एक म्हातारे शेतकरी. त्यांनीही आमच्याबद्दल काहीतरी ऐकलेलं असणार. आम्हाला बघताच त्यांनी हात जोडले आणि ते कमरेत इतके वाकले की इंदू दचकली.

सूप पिताना कुणीच बोलेना. मला वाटलं, मुलाचा बाप म्हणून आपणच काहीतरी बोलायला हवं. भिंतीवर रॉडींच्या लग्नाचा फोटो होता, त्यात ते घागऱ्यात होते. मी म्हणालो, "या चौकटींच्या नक्ष्या, म्हणजे प्रत्येक घराण्याची वेगळी, हे बहुतेक गेल्या दोनशे वर्षांत ठरलं. कापडगिरण्यांना ते सोयीचं होतं."

चमचे थांबले. हर्षदनं डोळे मिटून घेतले.

"असेल," रॉडी म्हणाले. "माझा तरी भाड्याचा होता."

ते चिडले होते की हसत होते, मला कळलं नाही. त्यांचं इंग्रजी मला अर्धंच समजत होतं. सावरायला म्हणून मी आणखी एक टिपण काढलं.

"उद्या तुमचा राष्ट्रीय दिवस. मग हॅगिस असेल ना?"

आता आयलानंही चमचा खाली ठेवला.

रॉडींनी माझ्याकडं नीट पाहिलं. "हॅगिस म्हणजे काय ते ठाऊक आहे तुम्हाला? एक लहानसा प्राणी असतो. डोंगराच्या उतारावर पळतो. एका बाजूचे पाय आखूड, म्हणून पडत नाही."

"मग तो नेहमी एकाच दिशेनं डोंगराला फेरी घालत असेल," मी म्हणालो. माझ्या टिपणात मेंढीच्या पोटाची पिशवी, काळीज, फुप्फुसं आणि ओट असं स्पष्ट लिहिलं होतं. पण यजमानाला खोटं कसं पाडायचं?

रॉडी मोठ्यानं हसले. "मॉरॅगला हा माणूस आवडला असता." मॉरॅग म्हणजे आयलाची आई. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं.

"डॅड," आयला म्हणाली, "आपलं बोलणं झालंय."

हर्षद मराठीत म्हणाला, "बाबा, तुम्ही काळजी करू नका. उद्या शाकाहारी हॅगिस आहे. दुकानातून आणलंय. राजम्याचं आणि गाजराचं. दिसायला तसंच."

"काय म्हणतोय तो?" रॉडींनी विचारलं.

"राजम्याचं सांगतोय," आयला म्हणाली.

"हां. राजम्याचं." रॉडींनी हात पुसले आणि ते माझ्याकडं वळले. "आमच्याकडे अशी पद्धत आहे, मिस्टर बंडगर. घरचा कर्ता हॅगिसचं ताट घेऊन येतो. सगळे उभे राहतात. मग तो ते कापतो. अडतीस वर्षं मॉरॅग बनवायची आणि मी आणायचो. तुम्ही पाहुणे आहात, तुमचा धर्म आहे, तुमच्याकडे मुंगीसुद्धा मारत नाहीत. तुमच्यापुढं मी पोट आणि फुप्फुसं मांडणार नाही. पण राजम्याची पिशवी हातात धरून मी मिरवणारही नाही. आयलानं आणावं."

"सगळ्यांकडे तसं नसतं," मी म्हणालो. पण इतक्या हळू, की ते कुणालाच ऐकू गेलं नसावं.

"आई गेल्यानंतरचं या दिवसाचं हे पहिलं जेवण," आयला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही आणणार नसाल तर उद्याचं जेवणच नको. सगळ्यांना फोन करून सांगते."

ती उठली. हर्षद तिच्यामागं गेला. रॉडी भांडी गोळा करू लागले. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "बसा, बसा. तुमची चूक नाही यात."

चूक माझीच होती. पूर्णपणे माझी.

खोलीत आल्यावर इंदूनं शाल घडी करून ठेवली. "सांगून टाका," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"ते मलाच विचारता?"

मी खुर्चीत बसलो. किटलीला शिट्टी फुटावी तसा कोपऱ्यातला हीटर वाजत होता.

आम्ही आटपाडीकडचे धनगर. वडिलांची ऐंशी-शंभर मेंढरं होती. मी शिकलो, पुण्याला नोकरी लागली, आणि चोविसाव्या वर्षी एका जुन्या पेठेत खोली बघायला गेलो. मालकांनी नाव विचारलं. मी धुळाप्पा न सांगता डी. बी. बंडगर म्हणालो. त्यांनी विचारलं, "शाकाहारी ना?" मी हो म्हणालो. खोली हवी होती, एवढंच. वाटलं, पुढं दुसरीकडं गेलो की झालं. पण मग कॉलेजातल्या लोकांना तेच सांगितलं, मालकांच्या घरचं ताट येऊ लागलं, त्यांनी माझ्या साधेपणाचं कौतुक केलं, आणि तो शब्द परत घ्यायची वेळ कधी आलीच नाही. लग्न झालं तेव्हा इंदूला म्हणालो, आपण घरी करत नाही. ती म्हणाली, बरं, मी माहेरी खाईन. हर्षद जन्मला तो शाकाहारी घरातच. त्याला वाटायचं, आपण पहिल्यापासूनच असे.

"तूच सांग ना त्याला," मी म्हणालो.

"मी नाही सांगणार. मी सांगितलं तर जन्मभर म्हणाल, इंदूनं माझी लाज घालवली. तुमचं तुम्ही बघा." तिनं दिवा घालवला. थोड्या वेळानं अंधारात म्हणाली, "त्या पोरीचा चेहरा बघितलात का?"

बघितला होता.

सकाळी आठला जेमतेम उजाडलं. मी एकटाच बाहेर पडलो. गवतावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. शेडपाशी आलो आणि थांबलो. वास येत होता. उकळणाऱ्या काळजाचा, चरबीचा, आणि त्याखाली तो ओला, उग्र, ज्याला शहरातली माणसं नाक धरतात तो. चाळीस वर्षांत मी तो इतक्या जवळून घेतला नव्हता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मला त्याची लाज वाटली, आणि तरी मी तिथंच उभा राहिलो.

दार अर्धं उघडं होतं. आत गॅसच्या शेगडीवर मोठं पातेलं होतं. काळीज आणि फुप्फुसं शिजत होती आणि श्वासनलिका पातेल्याच्या काठावरून बाहेर लोंबत होती. तिच्यातून ठिबकणाऱ्या फेसासाठी खाली एक मग ठेवलेला. रॉडी बादलीवर वाकून मेंढीचं पोट खरवडत होते आणि पुटपुटत होते. मला बघताच त्यांनी बादलीवर पोतं टाकलं.

"इथं येऊ नका. तुम्हाला त्रास होईल."

"मी सहज..."

"तुमच्या जेवणात यातलं काही येणार नाही, शब्द देतो. भाऊ आणि मी नंतर इथंच बसून दोन घास खाऊ. मॉरॅगची आठवण म्हणून, बाकी काही नाही." त्यांनी कपाळ मनगटानं पुसलं. "घरात वास जाऊ नये म्हणून इथं मांडलंय. वारा पण बघितला. घराकडून शेताकडं आहे."

वारा बघितला होता त्यांनी.

माझी आईसुद्धा बघायची. नोकरी लागल्यावर मी सुट्टीला गावी गेलो, तेव्हा तिनं मेंढराच्या पोटाची वजडी केली होती. मी ताट सरकवलं आणि म्हणालो, मी आता हे खात नाही. का, ते तिनं विचारलं नाही. त्यानंतर सव्वीस वर्षं, ती जाईपर्यंत, मी गेलो की घरात शेवग्याची आमटी आणि भाकरी. वजडी ती पलीकडं शेजारणीच्या, जनाक्काच्या चुलीवर शिजवायची. शिकल्यासवरल्या लेकाला वास सोसायचा नाही म्हणून वाऱ्याची दिशा बघून. पण वारा फिरायचा. मी ओसरीवर पुस्तक तोंडापुढं धरून पडलेलो असायचो, आणि वास यायचा. उठून चार पावलं चालत जायचं होतं. तेवढं मी कधी गेलो नाही.

शेडमध्ये रॉडी माझ्याकडं बघत होते.

"पाणी फार कडक आहे तुमचं," मी म्हणालो.

"काय?"

"बादलीतलं. एवढं कढत घेतलं की काळी साल पोटाला धरून बसते. मग कितीही खरवडा, निघत नाही. हात क्षणभर बुडवता येईल इतपतच गरम लागतं."

रॉडींनी पोतं काढलं. पोटाच्या आतल्या बाजूला काळपट साल चिकटून होती, ठिकठिकाणी सुरीनं फाटायला आलेली. "हे मॉरॅग करायची," ते म्हणाले. "तासभर झटतोय मी. दुसरं एक आहे, पण तेही असंच झालं तर संपलं." मग थांबून म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?"

"माझी आई करायची. आम्ही मेंढरं पाळायचो."

"किती?"

"ऐंशी. चांगल्या वर्षी शंभर."

"कुठल्या जातीची?"

"दख्खनी. काळी, काटक. पाऊस कमी असतो आमच्याकडं, वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन हिंडायचं."

"सात-आठ महिने?" ते लाकडी खोक्यावर बसले. "आणि काल रात्री तुम्ही मला कापडगिरण्यांचं सांगत होता. हे का नाही सांगितलंत, हो?"

मी कोट काढून खुंटीला लावला आणि बाह्या दुमडल्या. बादलीतलं पाणी ओतून नवं घेतलं. दुसरं पोट बुडवलं, मनात दहा आकडे मोजले, काढलं, आणि सुरीच्या बोथट बाजूनं वरून खाली ओढलं. काळी साल सोललेल्या कागदासारखी निघून आली आणि आतली पांढरी, टॉवेलसारखी खरबरीत कातडी दिसू लागली. चाळीस वर्षांत माझे हात पुस्तकांखेरीज कशाला लागले नव्हते. पण आठ-दहा वर्षांचा असताना आईशेजारी बसून शिकलेलं त्यांनी जपून ठेवलं होतं.

काळीज, फुप्फुसं बारीक करताना, चरबी आणि भाजलेले ओट मिसळताना रॉडी फारसे बोलले नाहीत. पिशवी भरताना त्यांनी मला थांबवलं. "अर्ध्याहून जरा जास्त, बस. ओट फुगतात. ठासून भरलं तर फुटतं." दाभणानं शिवताना त्यांनी विचारलं, "मुलाला माहीत आहे?"

"नाही."

"सांगा त्याला."

"मला जमत नाही."

"मला तरी कुठं जमतं? काल मुलीला म्हणायचं होतं की तुझ्या आईशिवाय ते ताट उचलायला माझे हात धजत नाहीत. आणि बोललो काय, तर राजमा." त्यांनी दोरा दातानं तोडला. "असं करू. मी कुणाला काही बोलणार नाही. हे इथं शिजत राहील. तुम्ही टेबलावर सांगितलंत, तर मी ताट आणतो. नाहीतर भाऊ आणि मी आहोतच."

संध्याकाळी चारलाच अंधार पडला. पाहुणे आले. आयलानं फोन केले नव्हते. तिनं आईचा निळा ड्रेस घातला होता आणि ती सगळ्यांशी फार नीट वागत होती. सलगम आणि बटाट्याचे दोन मोठे वाडगे मांडले गेले. मधली जागा ताटासाठी रिकामी होती.

आयला ओव्हनकडं वळली. मी बोलायचं ठरवलं. वाक्यही जुळवलं होतं, दुपारभर घोकलं होतं. समोर रॉडी बसले होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, मीठदाणीकडं बघत होते. आयलानं राजम्याची पिशवी ताटात काढली. ती प्लॅस्टिकच्या वेष्टनातच उकळलेली होती. ती कात्री शोधू लागली.

मला वाक्य आठवेना. म्हणून मी उठलो.

"अहो, कुठं निघालात?" इंदूनं विचारलं.

मी मागच्या दारानं बाहेर पडलो. कोट घ्यायचंही सुचलं नाही. शेडमध्ये जाऊन पातेल्यावरचं झाकण काढलं आणि दोन झाऱ्यांनी हॅगिस उचलून कथिलाच्या थाळ्यात ठेवलं. मोठ्या नारळाएवढं, तट्ट फुगलेलं, कुठंही न फुटलेलं. थाळा उचलून वळलो तर दारात रॉडी.

"द्या इकडं," ते म्हणाले. "तुम्ही पाडाल."

या खेपेला त्यांचे हात धजले. ते पुढं आणि मी मागं, असे आम्ही घरात शिरलो. त्यांचा भाऊ आधी उभा राहिला, मग सगळे. आयलाच्या हातात कात्री तशीच राहिली. इंदू सगळ्यांचं बघून उभी राहिली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

हर्षद घाईनं माझ्याजवळ आला आणि मराठीत कुजबुजला. "बाबा, हे खरं आहे. मेंढीचं आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो. "सकाळी मीच साफ केलं."

"तुम्ही?"

"हर्षद, मी खातो. लहानपणापासून खायचो. पुण्यात खोलीसाठी खोटं बोललो आणि मग..." पुढं काय म्हणायचं ते मला कळेना. "मग राहिलंच."

हर्षद खाली बसला. बाकीचे सगळे उभे आणि तो एकटा बसलेला. त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"काय झालं?" आयलानं विचारलं. त्यानं तिला इंग्रजीत सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि कात्री टेबलावर ठेवली.

"बाबा," ती म्हणाली. हाक मारायला हा शब्द तिला हर्षदनं शिकवला होता. "चार वर्षं हा इथं येतोय. दर वेळी दोनदा वाढून घेतो. तुमच्या घरी कळलं तर तुम्हाला धक्का बसेल, म्हणून मला शपथ घातली होती."

मी इंदूकडं बघितलं.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "मला दोघांचंही माहीत होतं. फोनवर काय जेवलास विचारलं की हा आधी खोकायचा."

"पण तुला हे आवडायला लागलं कधी?" मी हर्षदला विचारलं.

त्याचं हसू थांबलं. "आजीकडं," तो म्हणाला. "सुट्टीत तुम्ही ओसरीवर वाचत पडलात की ती मला जनाक्काच्या घरी न्यायची. वजडी आणि भाकरी. स्वतःच्या हातानं भरवायची. म्हणायची, तुझ्या बापाला सांगू नगं. त्येला वास सोसत न्हाई."

सगळे अजून उभेच होते. आमच्या मराठीतलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी कुणी बसलं नाही.

रॉडींनी सुरी उचलली. कापताना वाफेचा लोट वर आला आणि घरभर वास पसरला. त्यांनी पहिला चमचा माझ्या ताटात वाढला, शेजारी बटाटे आणि सलगम. मी घास घेतला. ओटामुळं थोडं भरड, मिरीचं, बेताचं तिखट. खाली मात्र तेच होतं.

"कसं आहे?" रॉडींनी विचारलं.

"चांगलं आहे. आईचं जास्त तिखट असायचं."

इंदू उठली, खोलीतून कांदा-लसूण मसाल्याची पुडी घेऊन आली आणि तिनं ती टेबलाच्या मधोमध ठेवली. रॉडींच्या भावानं चमचाभर घेतला आणि दोन ग्लास पाणी प्यायला. मग आणखी अर्धा चमचा घेतला. राजम्याची पिशवी कुणी फोडलीच नाही. मी दोनदा वाढून घेतलं. हर्षदनं तीनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर जागा झालो. मागच्या दाराचा आवाज आला म्हणून खिडकीतून बघितलं. रॉडी शेडमधून येत होते. ते मोठं पातेलं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. उंबऱ्याशी पायानंच दार ढकलून त्यांनी ते आत नेलं, आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीवर ठेवल्याचा आवाज मला वर खोलीत ऐकू आला.